लॉगिन कधी चालतं, कधी नाही? या चुका टाळा

रावेर-यावलच्या केळी व्यापाऱ्यांसाठी आम्ही जळगावातून हिशेबाचं वेब अ‍ॅप चालवतो. सकाळी गाड्या भरायला लागल्या की फोन सुरू. “भाऊ, आताच लॉगिन केलं, परत पासवर्ड मागून राहिलं!” पुन्हा प्रयत्न केला की चालायचं. दोन दिवस आम्ही नेटला दोष दिला. ही पहिली चूक. नेट गेलं तर सर्व्हरचं उत्तरच येत नाही. इथे तर ४०१ (‘ओळख पटली नाही’ असा सर्व्हरचा नकार) येत होता. म्हणजे विनंती पोचली होती आणि सर्व्हरने ती नाकारली होती.

दुसरी चूक, लॉगमध्ये (सर्व्हरच्या नोंदींमध्ये) नुसतं ‘इनव्हॅलिड टोकन’ लिहिणं. टोकन म्हणजे लॉगिननंतर मिळणारा, डिजिटल सही केलेला पास. कोणत्या सर्व्हरने, का आणि किती वाजता नाकारलं, टोकनच्या हेडरमधला ‘केआयडी’ (सहीच्या किल्लीची ओळखखूण) कोणता, हे सगळं लिहा. पूर्ण टोकन मात्र लॉगमध्ये कधीच नको. ते ज्याच्या हाती लागेल तो मुदत संपेपर्यंत त्या व्यापाऱ्याच्या नावाने आत शिरू शकतो.

एवढं लिहिल्यावर उत्तर समोरच होतं. सकाळी गर्दी वाढली की क्लाउड आपोआप एक जादा सर्व्हर उभा करायचा, आणि सगळे नकार त्याचेच. त्याच्या सेटिंगमध्ये सहीची किल्ली, म्हणजे टोकनवरची सही तपासायचा गुप्त कोड, पोचलीच नव्हती. ‘किल्ली नसेल तर नवी बनव’ अशी एक ओळ कोडमध्ये राहून गेली होती, म्हणून तो स्वतःच्याच किल्लीने सगळ्यांची टोकनं तपासत होता. आता किल्ली नसेल तर सर्व्हर सुरूच होत नाही.

‘टोकन अजून लागू नाही’ असं कारण दिसलं तर सर्व्हरची घड्याळं बघा. एनटीपी (नेटवरून घड्याळ जुळवणारी सोय) चालू ठेवा, ३० ते ६० सेकंदांची सूट द्या. फरक नेमका साडेपाच तासांचा असेल तर दोष घड्याळाचा नाही. कोणीतरी यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) जागी भारतीय वेळ वापरली आहे.

लॉगिनची सेवा बाहेरची असेल तर ती अधूनमधून किल्ल्या बदलते. अनोळखी ‘केआयडी’ दिसला की किल्ल्यांची यादी एकदा ताजी करून घ्या, पण प्रत्येक विनंतीला नको.

वैतागून टोकनची मुदत महिनाभर करू नका, सहीची तपासणी तर मुळीच बंद करू नका. त्या टोकनामागे लोकांचा पैशाचा हिशेब आहे. त्यापेक्षा एकच ताजं टोकन घ्या, लोड बॅलन्सर (विनंत्या सर्व्हरांमध्ये वाटणारा) वगळून प्रत्येक सर्व्हरला थेट पाठवा. जो नाही म्हणेल, त्याची किल्ली आणि घड्याळ आधी तपासा.