गावाच्या पाणीपुरवठ्याच्या विहिरीशेजारी कोणी बोअर मारत असेल तर काय करायचं

फेब्रुवारी सरला की आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या यावल-रावेर पट्ट्यात केळीला पाणी कमी पडतं, बोअरच्या गाड्या फिरायला लागतात आणि त्यातली एखादी नेमकी गावाच्या विहिरीजवळ येऊन उभी राहते. मग सगळे म्हणतात, त्याची जमीन आहे, त्याला कोण अडवणार? अडवता येतं भाऊ, कायदा आहे.

महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम २००९, जो १ जून २०१४ पासून लागू झाला, त्याप्रमाणे सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून (म्हणजे गावाला पाणी पुरवणाऱ्या विहिरी-बोअरपासून) ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर किंवा बोअर घेता येत नाही. १९९३ च्या कायद्यातही हेच होतं, म्हणजे नियम नवा नाहीच, आपणच तो वापरत नाही. शेतीसाठी ६० मीटरच्या, म्हणजे साधारण २०० फुटांच्या खाली जायलाही बंदी आहे.

अंतर मोजायला मोबाईलचा मॅप चालतो, पण फक्त अंतरावर जाऊ नका, दोन्ही ठिकाणं एकाच पाणलोटात, म्हणजे जिथलं पाणी एकाच नाल्याला उतरतं अशा भागात, पाहिजेत. मध्ये टेकडीचा उंचवटा असून पाणी पलीकडच्या नाल्याला उतरत असेल तर तुमची तक्रार टिकणं अवघड. हे शेवटी भूजल सर्वेक्षण यंत्रणेचे भूवैज्ञानिक ठरवतात.

सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे पाण्याची नोंद, आणि हीच कोणी ठेवत नाही. सकाळी मोटार चालू व्हायच्या आधी दोरीला दगड बांधून विहिरीत सोडायचा, पाण्याला टेकला की काठाजवळ दोरीला गाठ मारायची, वर काढून टेपने मोजायचं आणि वहीत तारखेसकट लिहायचं. आठवड्यातून एकदा पुरे. उद्या शेजारच्या बोअरनंतर पाणी खाली गेलं तर स्थळपाहणीत ही वहीच बोलते, नाहीतर समोरचा सरळ म्हणतो की पाऊसच कमी झाला.

मग ग्रामपंचायतीचा ठराव घ्या, त्यात विहिरीचा आणि ज्या शेतात बोअर होतोय त्याचा असे दोन्ही गट नंबर टाका, फोटो लावा आणि तहसीलदारांना अर्ज द्या, एक कॉपी भूजल सर्वेक्षणच्या जिल्हा ऑफिसला (जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे आहे), एक बीडीओंना (गटविकास अधिकाऱ्यांना). पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. आणि हे गाडी यायच्या आधी, कारण बोअर झाल्यावर पंचनामा, सुनावणी करता करता उन्हाळा निघून जातो आणि तोवर बाया हंडे घेऊन रानोमाळ फिरतात, ते बघवत नाही.

आधी कळणार कसं? सुप्रीम कोर्टाच्या २०१० च्या सूचनांप्रमाणे बोअर घेणाऱ्याने किमान १५ दिवस आधी लेखी कळवायचं असतं, तेव्हा ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (पूर्वीचा ग्रामसेवक) अधूनमधून विचारत राहा की असं काही पत्र आलंय का.

टंचाई जाहीर झाली असेल तर १ किलोमीटरच्या आतल्या चालू विहिरींच्या उपशावरही बंधन घालता येतं, अर्जात ही मागणी वेगळी लिहा.

विहिरीजवळचा उकिरडा, गटार, खताच्या गोण्या यांचंही बघा. पावसाळ्याआधी आणि नंतर स्वच्छता सर्वेक्षण होतं आणि ग्रामपंचायतीला लाल, पिवळं नाहीतर हिरवं कार्ड मिळतं. लाल मिळालं असेल तर कारण लेखी मागा. नायट्रेटची (खतातून, उकिरड्यातून पाण्यात उतरणारा क्षार) मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, केळीच्या भागात पाण्याच्या रिपोर्टवर हा आकडा आधी बघा, कारण पाणी उकळून तो कमी होत नाही.