नाल्यातली बेशरम: शोधायची कशी, काढायची कशी

बेशरम तोडणं सोपं आहे. म्हणूनच ती दरवर्षी तोडली जाते आणि दरवर्षी वाढते. मूळची ही वनस्पती अमेरिका खंडातल्या उष्ण प्रदेशातली. गुरं सहसा तोंड लावत नाहीत म्हणून लोकांनी कुंपणाला लावली आणि ती नाल्यात उतरली. तोडलेल्या कांडीला एखादं पेर असलं आणि ओल मिळाली, की ती मुळं धरते. त्यामुळे खरं काम तुकडे वेचण्याचं आहे.

ओळख पटवून घ्या. माणसाएवढं उभं झुडूप, पिंपळासारखी टोकदार पानं, मोडलं की पांढरा चीक, फिकट जांभळट-गुलाबी फुलं. नाळीच्या भाजीची फुलंही अशीच दिसतात, पण ती पाण्यावर आणि चिखलात पसरते. ती उपटू नका.

दिवाळीनंतर नाला वरून खाली चालत या. खानदेशातल्या बोरी नदीला मिळणारा असो की पांझरेला, पुराचं पाणी तुकडे खालीच नेतं, तेव्हा काढायला सुरुवातही वरूनच. प्रत्येक जाळीशी मोबाईलचं लोकेशन चालू ठेवून फोटो घ्या, नकाशावर पिन टाका. जाळीची लांबी किती पावलं आहे आणि तिथे ट्रॅक्टर पोचतो का, तेवढं लिहा. ग्रामपंचायतीला आधी सांगून ठेवा.

दिवाळीच्या सुमारास माती ओली असते, मुळं सहज निघतात, पण माणसं कापूस वेचणीत अडकलेली. म्हणून छोट्या जाळ्या तेव्हाच उरका. मोठ्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) बऱ्याच आधी.

जाळीत शिरण्यापूर्वी काठीने झोडपा, साप असतो. पायात गमबूट, हातात मोजे हवेतच. खोड हातभर ठेवून वरचं तोडा, कारण तोच दांडा पुढे मूळ हलवायला कामी येतो. मग टिकावाने भोवती उकरून मुळासकट उपसा. तोडलेलं थेट ताडपत्रीवर टाका. नाल्यात धार असेल तर खालच्या अंगाला जुनी शेडनेट आडवी बांधा. निसटलेल्या कांड्या तिथे अडकतात. जेसीबी झटपट काम करतो खरा, पण तुकडे गाळात गाडून जातो. आणायचाच असेल तर मागे वेचायला माणसं ठेवा.

ढीग घालू नका, आत ओल राहते. नाल्यापासून लांब, मुरमाड उघड्यावर पातळ पसरा आणि अधूनमधून पलटवा. आपल्याकडचं ४२-४४ अंशांचं ऊन इथे फुकटचा मजूर आहे. वाळली का, हे नखाने साल खरवडून बघा. आत हिरवं दिसलं तर अजून जीव आहे. शेळ्या तिकडे फिरकू देऊ नका. टंचाईत त्या पाला खातात, चटक लागते, मग खंगतात आणि पाय लटपटतात. तणनाशक तर नकोच, नाल्याचं पाणी विहिरींत झिरपतं.

उघडा पडलेला काठ पुरात ढासळतो. पहिल्या पावसाबरोबर तिथे निरगुडी, करंज, वाळा लावा.

पोळ्याच्या आसपास सगळ्या पिना पुन्हा फिरा. कोवळे फुटवे ओल्या मातीतून हातानेच निघतात. सलग दोन पोळे काही दिसलं नाही तर ती पिन पुसा. खालच्या बाजूच्या पिना मात्र वरच्या गावाचा नाला साफ होईपर्यंत ठेवाच.