ठासणीची बंदूक भरलेली तर नाही ना?
माळ्यावर आजोबांची ठासणीची (नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासून भरायची) बंदूक सापडली, तर ती भरलेलीच आहे असं धरून चाला. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही पेट घेते. घोड्याखाली केप (घोडा आपटला की ठिणगी देणारी छोटी टोपी) नाही म्हणून निर्धास्त होऊ नका.

स्वतः बाजूला उभं राहून नळीत लाकडी काठी अलगद तळापर्यंत सोडा (लोखंडी सळई नको, ठिणगी पडायची) आणि तोंडाशी पेन्सिलीने खूण करा. मग खूण तोंडाशी धरून तीच काठी नळीला बाहेरून लावा. टोक केपेच्या जागेपासून दोन-तीन बोटं अलीकडेच थांबलं, तर आत बार (भरलेली दारू-गोळी) असणार. उकरायला जाऊ नका, पोलीस ठाण्यात कळवा. परवान्याचा विषय निघेल, तो तसाही निघणारच होता.