गीझरचा थर्मोस्टॅट घरी बदलताय? या चुका टाळा

गीझरचा थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी ठरावीक तापलं की वीज तोडणारा भाग, तालुक्याच्या बाजारात सहज मिळतो आणि काम वरवर पाहता दोन-चार स्क्रूंचं. त्यामुळे चिपळूणपासून वेंगुर्ल्यापर्यंत पुष्कळ जण तो घरीच बदलतात. बदलून झाल्यावर तपासणी मात्र एकच होते: पाणी तापलं का? इथेच घात होतो. फेज आणि न्यूट्रल उलटे जोडले तरी पाणी तापतं. अर्थिंगची वायर सुटी राहिली तरी तापतं. कटआउट (पाणी प्रमाणाबाहेर तापलं की वीज तोडणारा आतला सुरक्षा स्विच) वगळून सरळ जोडणी केली तर जरा जास्तच तापतं. म्हणजे पाणी तापणं हा जोडणी बरोबर असल्याचा पुरावा नाहीच. हे सगळं टाकीच्या, म्हणजे स्टोरेज गीझरबद्दल आहे.

दोष थर्मोस्टॅटचाच आहे का?

आपल्याकडे घरं महिनोन्महिने बंद असतात. चाकरमानी गणपतीला येतात, घर उघडतात आणि आधी गीझरचं बटण दाबतात. वरच्या टाकीत पाणी चढलेलं नसतं, गीझर रिकामा असतो, एलिमेंट (पाणी तापवणारी कॉइल) कोरडाच तापतो आणि कटआउट उडतो. मग नवा थर्मोस्टॅट आणला जातो, ज्याची काही गरज नव्हती. आधी गरम पाण्याचा नळ सोडून धार नीट येते का पाहा. मग वीज पूर्ण बंद करून, कव्हर काढून कटआउटचं छोटं रीसेट बटण दाबा.

तरीही पाणी तापत नसेल तर एलिमेंटच्या वायरी सोडवून मल्टिमीटर लावा. 2000 वॉटच्या एलिमेंटला साधारण 26 ओहम, 3000 वॉटच्याला 17-18 ओहम दिसायला हवेत. काहीच दिसत नसेल तर एलिमेंट गेला, थर्मोस्टॅट निर्दोष. एलिमेंटचं टोक आणि टाकीची बॉडी यांच्यात कनेक्शन दाखवत असेल तर एलिमेंटमधून करंट बॉडीत उतरतोय. तो गीझर एलिमेंट बदलेपर्यंत लावूच नका.

कटआउट पुन्हा पुन्हा उडत असेल तर मात्र संशय थर्मोस्टॅटवर घ्या. आतले संपर्क चिकटले की तो वीज तोडायचं विसरतो आणि पाणी तापतच राहतं.

कटआउट वगळणं

सगळ्यात वाईट चूक हीच, आणि ती अनोळखी नाही. बहुतेक गीझरमध्ये फेज आधी कटआउटमधून जातो, मग थर्मोस्टॅटमधून, मग एलिमेंटला. न्यूट्रल दुसऱ्या टोकाला. थर्मोस्टॅट बिघडला तर थांबवणारा कटआउट हा दुसरा राखणदार. तो सारखा उडतो म्हणून त्याची दोन टोकं वायरीच्या तुकड्याने जोडून दिली जातात, ‘आता त्रास नाही’ असंही सांगितलं जातं. नंतर कधीतरी थर्मोस्टॅट चिकटला आणि सेफ्टी व्हॉल्व्ह क्षाराने जाम असला, तर वाफेचा दाब टाकी फोडू शकतो. असा तुकडा दिसला तर आधी तो काढा, नवा कटआउट बसवा, मगच पुढचं काम.

फक्त बटण बंद करून हात घालणं

जुन्या वायरिंगमध्ये बटण न्यूट्रलवर बसवलेलं सापडतं. बटण बंद, पण एलिमेंटपर्यंत फेज जिवंत. प्लग काढा. गीझर थेट जोडलेला असेल तर एमसीबी (मीटरजवळच्या बोर्डावरचा त्या लाइनीचा स्विच) पाडा आणि टर्मिनलवर तपासा. टेस्टर आधी चालू सॉकेटवर लावून तो पेटतो याची खात्री करा, मगच त्याच्या न पेटण्यावर विश्वास ठेवा. घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा, कारण मेन पाडल्यावरही त्याच्या लाइनी चालू राहतात.

निळी वायर

भिंतीतल्या जुन्या वायरिंगमध्ये लाल, पिवळा आणि निळा हे तीन फेजचे रंग, काळा न्यूट्रलचा. गीझरच्या केबलमध्ये मात्र तपकिरी फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थिंग. थेट जोडणी असेल तिथे ‘निळ्याला निळी’ जोडली की फेज न्यूट्रलच्या जागी जातो. पाणी तापतं, पण थर्मोस्टॅट आता न्यूट्रल तोडत असतो आणि एलिमेंट सतत फेजवर. रंगावर जाऊ नका, मीटरने पाहा. आणि काहीही सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

नवा थर्मोस्टॅट घेताना जुना सोबत न्या. त्याच्या तापमान ओळखणाऱ्या दांड्याची लांबी आणि अँपिअर जुळले पाहिजेत. दांडा खोबणीत पूर्ण आत जायला हवा. अर्धा बाहेर राहिला तर त्याला पाण्याचा अंदाज उशिरा लागतो.

खारा वारा आणि सैल स्क्रू

मालवण, गुहागर, श्रीवर्धनसारख्या किनाऱ्यावरच्या घरात गीझरचं खालचं कव्हर उघडून बघा. टर्मिनलवर हिरवट-निळा थर, तांब्याच्या तारा काळवंडलेल्या, कोपऱ्यात मुंग्यांची माती. अशा तारा तशाच पिळून स्क्रूखाली दाबल्या तर सांधा तापतो. 3000 वॉटचा गीझर 13 अँपिअर ओढतो. सांध्यात 0.1 ओहमचा अडथळा असला तरी तिथे सुमारे 17 वॉट उष्णता तयार होते, तीही एका स्क्रूवर. प्लास्टिक आधी पिवळं, मग काळं पडतं. काळवंडलेली वायर चकचकीत तांबं लागेपर्यंत कापा, टोकाला लग (स्क्रूखाली बसणारं धातूचं टोक) दाबून बसवा, स्क्रू घट्ट करून वायर ओढून पाहा.

अर्थिंग

खोलताना बॉडीवरची हिरवी वायर सुटते आणि परत लावायची राहते. त्याहून घातक म्हणजे अर्थिंग नाही म्हणून सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून देणं. पावसात झाड पडून खांबावरचा न्यूट्रल तुटला की घरातल्या चालू उपकरणांतून फेज न्यूट्रलवर आणि तिथून गीझरच्या बॉडीवर येतो. अशा जोडणीत आरसीसीबी (करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच) वारंवार पडतो, मग लोक आरसीसीबीच काढून टाकतात! गीझर चालू असताना न्यूट्रल आणि अर्थमध्ये थोडेफार व्होल्ट दिसतात. अगदी शून्य दिसलं तर सॉकेट उघडून बघा.

जांभ्याच्या जमिनीत उन्हाळ्यात ओल राहत नाही, अर्थिंग कमजोर होतं. साधा मल्टिमीटर कमजोर अर्थिंगलाही 230 व्होल्ट दाखवू शकतो. ते मोजायला अर्थ टेस्टरवाला परवानाधारक वायरमनच बोलवा. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल तर त्याच फेरीत बसवून घ्या.

जोडून झाल्यावर

नळाला सलग धार आली, टाकी भरली, की मगच वीज द्या आणि घड्याळ लावा. 15 लिटर पाणी 25 अंशांवरून 60 अंशांवर न्यायला 2000 वॉटच्या गीझरला 18-20 मिनिटं लागतात, 25 लिटरला अर्धा तास. तोवर कोणी नळ सोडू नये. तेवढ्यात तापण्याचा दिवा विझायला हवा. 15 लिटरचा गीझर चाळीस मिनिटांनंतरही तापतच असेल तर बंद करा आणि दांडा व जोडणी पुन्हा तपासा. विझला तर आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून तो पडतो का पाहा. आठवड्याभराने प्लग काढून, कव्हर उघडून टर्मिनलचे स्क्रू एकदा परत आवळा.