गाडीच्या पोटाला कोटिंग करून घेताय? या चुका टाळा

मागच्या दिवाळीच्या तोंडावर बडोद्याच्या दांडिया बाजारातले एक काका त्यांची सात वर्षांची हॅचबॅक घेऊन आमच्या मांजलपूरच्या गॅरेजात आले. तक्रार एवढीच, की वळण घेताना दारातून डुबुक डुबुक आवाज येतो. गाडी लिफ्टवर घेतली, खालून बघतो तर पोट काळंभोर आणि चकचकीत. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा ही गाडी दोन दिवस पाण्यात होती. पाणी ओसरल्यावर काकांनी काळजीपोटी आठवड्याच्या आत एका ठिकाणी अंडरबॉडी कोटिंग करून घेतलं होतं.

दाराखाली जी लांब पोकळ पेटी असते, जिला आम्ही रनिंग बोर्ड म्हणतो, ती मी स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने पुढून मागे ठोकत गेलो. टण, टण, टण, आणि मागच्या चाकाजवळ एकदम भद्द. तिथे टोकाने जरा दाबलं तर टोक सरळ आत गेलं. कोटिंगची साल रबरासारखी वाकली आणि तिच्यामागे पत्रा उरलाच नव्हता, नुसते विटकरी पापुद्रे होते. पेटीच्या बुडाला पाणी निथळायचं भोक असतं, ते कोटिंगने बुजलेलं. तारेने उघडलं तशी चहाच्या रंगाच्या पाण्याची धार लागली, आणि मागोमाग बारीक गाळ. दाराच्या खालच्या कडेच्या भोकांचीही तीच गत. काकांनी विचारलं, "अहो, पण मी तर गंजू नये म्हणूनच पैसे घातले ना?" कोटिंगचा माल चांगला होता, हे मला त्यांना सांगावं लागलं. ते ज्या पत्र्यावर आणि ज्या घाईने मारलं गेलं, तिथे घोटाळा झाला होता.

त्या दिवसापासून पोटाला काही मारायचं म्हणून कुणी आलं की मी आधी एकच विचारतो : तुम्हाला त्रास कशाचा आहे? गंजाचा, आवाजाचा की उष्णतेचा?

एकाच डब्यात तीन औषधं शोधणं

डब्यावर तिन्ही लिहिलेलं असतं, म्हणून लोक तिन्हीची अपेक्षा धरतात. प्रत्यक्षात या तिघांची कामं वेगळी आहेत. गंज थांबवायला पाणी आणि हवा पत्र्यापासून दूर ठेवावी लागते. आवाज कमी करायला पत्र्याची थरथर मारावी लागते, त्यासाठी वजन आणि लवचिकपणा लागतो. उष्णता अडवायला जाडी लागते, किंवा मध्ये मोकळी हवा ठेवून चकचकीत पत्रा लावावा लागतो.

उष्णतेबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण बडोद्याच्या मे महिन्यात, पारा बेचाळीसच्या पुढे गेला की, हीच तक्रार सर्वांत जास्त येते. पायाखाली, गिअरच्या आसपास फ्लोअर तापतो. तो मुख्यतः सायलेन्सरच्या पाइपामुळे आणि धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमुळे तापतो. कन्व्हर्टर चालू गाडीत काही शे अंशांवर असतो. त्याच्यावर कंपनीने ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा बसवलेला असतो, मध्ये बोटभर हवा सोडून. तो पत्रा सैल होऊन खडखडायला लागला की पुष्कळ ठिकाणी तो काढून फेकतात. आवाज जातो, गिऱ्हाईक खूश होतं, आणि पुढच्या उन्हाळ्यात पाय भाजतात म्हणून तेच गिऱ्हाईक उष्णतारोधक स्प्रे मारून मागतं. मिलिमीटरभर जाडीचा कुठलाही थर त्या पत्र्याची जागा घेऊ शकत नाही. आधी खाली वाकून तो पत्रा जागेवर आहे का बघा. नसेल तर तो बसवून घ्या. त्यानंतरही फ्लोअर तापत असेल तर आतून, गालिच्याखाली, पाणी न शोषणाऱ्या बंद छिद्रांच्या फोमचा पाच ते दहा मिलिमीटरचा थर टाका. खालून फवारा मारून हे काम होत नाही.

आवाजाचंही तसंच. चाकाच्या कमानीत जाड रबरी कोटिंग मारलं की खडी आणि पाण्याचे फटकारे नक्की दबतात. इंजिनाची घरघर, टायरची गुणगुण आणि वाऱ्याचा आवाज मात्र त्याने जाणार नाही. फ्लोअर डब्यासारखा वाजत असेल तर आतून ब्युटाइल रबराच्या चिकटपट्ट्या लावा, आणि पूर्ण फ्लोअर झाकायचा हट्ट धरू नका. पत्र्याच्या मधोमध, जिथे तो जास्त थरथरतो, तिथे पाव ते निम्मा भाग झाकला तरी पुरतो. बोटाच्या पेराने ठोकून बघा, टणत्कार जाऊन आवाज बसका झाला की थांबा.

स्वस्त म्हणून डांबरी, महाग म्हणून पॉलियुरेथेन

डांबर आणि रबराचं मिश्रण सगळीकडे मिळतं, चाकाच्या कमानींना ते ठीक आहे. पण वय झालं की ते कडक होऊन तडकतं. पेट्रोल सांडलं तर विरघळतं. आणि सायलेन्सरजवळ पातळ होऊन गळतं. पॉलियुरेथेन, म्हणजे प्लास्टिकच्या जातीचं कोटिंग, फार टिकाऊ. छोटा हाथी किंवा पिकअपच्या मालाच्या फ्लोअरला, जिथे रोज पोती नि पाइप घासतात, तिथे मी दुसरं काही सुचवणार नाही. मात्र त्याच्या खालची तयारी कच्ची राहिली तर ते कवचासारखं एकसंध सुटतं आणि आत काय चाललंय ते शेवटपर्यंत दिसत नाही. मेणाचं किंवा लॅनोलिनचं, म्हणजे लोकरीतल्या स्निग्धांशाचं, कोटिंग दिसायला गचाळ, हाताला चिकट, आणि दरवर्षी पुन्हा मारावं लागतं. तरीही जुन्या गाडीला मी तेच मारतो. ते सांध्यांत स्वतःहून झिरपतं, ओरखडा पडला तर पुन्हा पसरतं, आणि खालचा पत्रा कसा आहे ते लपवत नाही.

नवी गाडी असेल तर घाई करू नका. कारखान्यात पूर्ण बॉडी प्रायमरच्या टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने थर चढवतात, सांध्यांवर पीव्हीसीचं सीलर मारून भट्टीत भाजतात. त्याच्या तोडीचं काम कुठल्याही गॅरेजात होत नाही. शहरात फिरणाऱ्या नव्या गाडीला पोकळ भागांत मेणाचा फवारा आणि चाकांच्या कमानी एवढं बस्स. दहेजच्या बाजूला रोज कामाला जाणाऱ्या, किंवा दरवर्षी गणपतीत कोकणात उतरणाऱ्या गाडीची गोष्ट वेगळी. खारी हवा लागते तिथे मी संपूर्ण पोट करून घ्या म्हणतो. आणि आधी वॉरंटीचं पुस्तक वाचा.

ओल्या, मळक्या, गंजलेल्या पत्र्यावर मारणं

ही सर्वांत महागडी चूक. गंजाला जागा मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त लागते, म्हणून तो थराला आतून उचलतो. उचललेल्या थराखाली पाणी साचतं आणि तिथून गंज दुप्पट जोराने पसरतो. आमच्याकडची गुजराती मंडळी गंजाला ‘काट’ म्हणतात. "काट झाकून द्या" असं कुणी म्हटलं की मी नम्रपणे नाही म्हणतो. पापुद्रे तारेच्या ब्रशने किंवा ग्राइंडरने पूर्ण काढायचे. घट्ट बसलेला पातळ गंज उरला तरच त्यावर रस्ट कन्व्हर्टर, म्हणजे गंज पालटून काळा करणारं रसायन, मारायचा, पत्रा काळा झाला की त्यावर एपॉक्सी प्रायमर, आणि मग कोटिंग. जाड पापुद्र्यांवर हा कन्व्हर्टर ओतला तर तो वरवरच काळा होतो.

धुतल्यावर निदान एक दिवस वाळू द्या आणि सांध्यांत कॉम्प्रेसरची हवा मारा. पुरातून निघालेल्या गाडीला एक दिवस अजिबात पुरत नाही. सीट काढा, गालिचा उचला, त्याखालचा फोम पिळून बघा. तो फोम आठवडेच्या आठवडे पाणी धरून ठेवतो. वरून ओला आणि खालून सीलबंद असा फ्लोअर फार दिवस काढत नाही.

हवामानही बघा. पत्रा दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं त्यापेक्षा, निदान ३ अंशांनी गरम हवा आणि हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली हवी. श्रावणातल्या सकाळी हे जुळत नाही. पॉलियुरेथेनच्या हार्डनरला ओलावा मिळाला की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि थर जाळीसारखा होतो. उलट मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीचा पत्रा इतका तापतो की माल पातळ ठेवणारं सॉल्व्हंट वाटेतच उडून जातं आणि थर भुसभुशीत बसतो. आमच्याकडे एप्रिलच्या सकाळी, सावलीत, हे काम सगळ्यात छान होतं. थर पातळ द्या, दोन किंवा तीन, मध्ये डब्यावर लिहिलाय तेवढा वेळ थांबून.

जिथे फवारा जायलाच नको

मास्किंगला अर्धा दिवस गेला तरी जाऊ द्या. निचऱ्याची सगळी भोकं, सायलेन्सर आणि सेन्सर, ब्रेकच्या डिस्क आणि पाइप, एबीएसच्या वायरी, ॲक्सलचे रबरी बूट, सस्पेन्शनचे बुश, हँडब्रेकची केबल, अर्थिंगचे बोल्ट, पेट्रोलच्या टाकीची हवेची नळी. भोकांत गोल्फच्या टीसारख्या लाकडी खुंट्या किंवा थर्मोकोलचे तुकडे बसवायचे आणि काम झालं की मोजून काढायचे. किती बसवले ते आम्ही खडूने टायरवर लिहितो.

गुजरातेत निम्म्या गल्लीत सीएनजीच्या गाड्या आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगतो. सिलिंडरवर, त्याच्या क्रमांकाच्या ठशावर आणि फ्लोअरखालून इंजिनाकडे जाणाऱ्या पोलादी नळीवर काहीही मारू देऊ नका. त्या नळीत २०० बारच्या आसपास दाब असतो, तिचा गंज किंवा गळती डोळ्यांना दिसली पाहिजे. सिलिंडरची दर ३ वर्षांनी हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाखाली तपासणी, होते, तिथे ठसा वाचता यावा लागतो. विजेच्या गाडीत बॅटरीची पेटी, तिच्यावरची दाब मोकळा करणारी झडप आणि उच्च दाबाच्या विजेची नारिंगी केबल यांना हातही लावू नये.

मारून झाल्यावर बिघडलंय असं वाटलं तर

जळका वास दोन-तीन दिवसांत जात नसेल तर माल सायलेन्सरवर उडालाय. गाडी पूर्ण थंड करून तो खरवडून काढा, कोरड्या गवतावर गाडी उभी करू नका. आठवड्यानंतरही थर बोटाला चिकटत असेल (मेणाचा सोडून), तर एकाच वेळी जाड मारलाय आणि सॉल्व्हंट आत अडकलंय. वरून आणखी एक हात मारून ते सुधारत नाही, मोकळ्या हवेत वाळू द्या, नाहीतर काढा. फुगे दिसले तर एक फोडून बघा. आत चमकता पत्रा असेल तर तेल किंवा ओल राहिली होती, तेवढा भाग साफ करून पुन्हा करता येतो. आत तपकिरी पाणी असेल तर आजूबाजूचा हातभर थर खरवडल्याशिवाय गाडी लिफ्टवरून उतरवू नका. हायवेवर नवी थरथर जाणवली तर ब्रेकच्या डिस्कवर किंवा मागे पॉवर जाणाऱ्या गाडीत प्रोपेलर शाफ्टवर माल गेलाय का बघा. डिस्कवर गेला असेल तर ती साफ होईपर्यंत गाडी चालवू नका.

घरी करणाऱ्यांसाठी एक सांगायलाच हवं. सॉल्व्हंटची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तपासणीच्या खड्ड्यात साचून राहते. खड्ड्यात उतरून फवारणी नको, जवळ बल्बची उघडी वायर नको, गॅस नको. कापडी मास्क धूळ अडवतो, वाफ अडवत नाही. ती अडवायला सेंद्रिय वाफेचं कार्ट्रिज असलेला मास्क लागतो. दोन भागांच्या पॉलियुरेथेनमधलं आयसोसायनेट फुप्फुसाला कायमचा दमा लावू शकतं, ते घरी मारूच नका.

काकांच्या गाडीचा कुजलेला तुकडा कापला, नवा पत्रा वेल्ड केला, प्रायमर मारला, आणि लांब नळीच्या नोझलने पेटीच्या आत मेण फवारलं. दुसऱ्या दिवशी बुडाच्या भोकांतून त्या मेणाचे थेंब जमिनीवर टपकत होते. काका म्हणाले, "हे गळतंय की हो." मी म्हटलं, "गळू द्या काका. भोकं उघडी आहेत."