माळावरचं कुरण: पावसाआधी काय काय उरकायचं

बियाणं आणण्याआधी माळ एकदा पायांखालून घाला. माती बोटभर आहे की वीतभर, मुरूम कुठे उघडा पडलाय, पाणी कुठून वाहून जातं, एवढं पाहिलं की गवताची अर्धी निवड झालीच. हलक्या, वाळूसर जमिनीत अंजन, ओल धरणाऱ्या काळ्या पट्ट्यात मारवेल, खडकाळ उतारावर पवन्या नि डोंगरी. सोबत स्टायलो हे शेंगवर्गी चाऱ्याचं पीक हवंच, कारण वाळल्या गवतात प्रथिनं फारच कमी उरतात. त्याच्या बियांचं कवच टणक असतं, तेव्हा पेरण्याआधी त्या काही मिनिटं गरम पाण्यात घालून काढा. पाणी उकळतं मात्र नको. अंजनाचं बी मागच्या हंगामाचं घ्या, ताजं नीट उगवत नाही. हे बी केसाळ आणि हलकं, मुठीतून सुटत नाही आणि सुटलं की वाऱ्यावर जातं. ओलसर मातीत कालवून टाका, सेंटिमीटरभराहून खोल नको. उताराला आडवे चर त्याआधीच खणून ठेवा.

आता कुंपण. बहुतेक कुरणं बियाण्यापायी नाही, पहिल्या वर्षीच्या घाईपायी जातात. त्या वर्षी जनावर आत सोडायचंच नाही, बी झडल्यावर कापून घालायचं. पुढे सोडण्याआधी गाय ओढते तसा पाल्याचा झुबका धरून हिसका द्या. पानं तुटली तर ठीक, ठोंब मुळासकट हातात आला तर अजून थांबा.

जनावरं किती, हे अंदाजाने ठरवू नका. गवत पुरतं वाढल्यावर चार-पाच ठिकाणी एकेक चौरस मीटर कापून, वाळवून तोला. सरासरी २०० ग्रॅम भरलं तर हेक्टरी २,००० किलो. त्यातलं निम्मं माळासाठीच सोडायचं. उरलेल्या हजार किलोंवर ३०० किलोंची गाय, रोज सातेक किलोंच्या हिशेबाने, जेमतेम पावणेपाच महिने निघते. आकडा बघून वाईट वाटतं, पण तोच खरा.

कुरणाचे चार तुकडे पाडा. दरवर्षी एकाला पावसाळाभर सुट्टी, म्हणजे तिथे बी पडेल. पाळी पुढच्या वर्षी दुसऱ्याची. गवत वीतभर उरायच्या आत जनावरं हलवा. चाटणविटा (जनावरांनी चाटायच्या मीठ-खनिजांच्या विटा) पाण्यापासून लांब ठेवा, नाहीतर सगळी हौदाभोवतीच घोटाळतात नि तिथली जमीन उघडी पडते. कुसळी हे टोकदार कुसळांचं गवत दिसलं तर फुलण्याआधी चारून किंवा कापून घ्या. एकदा कुसळं धरली की ती तोंडात, लोकरीत रुततात. आणि तरोटा हे तण वाढताना दिसलं, तर जनावरं जास्त झालीत असं समजून कमी करा.