क्लीनर रॅसवर डेझर्टेशन करताय? आधी तोंड बघा

एम.एस्सी.ला विषय मिळालाय आणि लक्षद्वीपचं परमिटही हातात आहे, असं धरून लिहितोय. क्लीनर रॅस म्हणजे बोटभर लांबीचा, निळसर अंगावर शेपटीकडे रुंद होत जाणारा काळा पट्टा असलेला मासा. ओळखायला सोपा, असं मीही म्हणायचो. कवरत्तीच्या लगूनमधले माझे पहिले सहा दिवस या 'सोप्या'पायीच वाया गेले.

गोची अशी की हुबेहूब तसाच दिसणारा दुसऱ्याच कुळातला एक मासा, ब्लेनी, तिथेच फिरतो. शास्त्रीय नाव ॲस्पिडोन्टस टीनिएटस. तोच पट्टा, जवळपास तीच लांबी, आणि तसाच खालीवर नाचतोही. रॅस गिऱ्हाईक माशाच्या, म्हणजे अंग साफ करून घ्यायला आलेल्या दुसऱ्या माशाच्या, अंगावरचे परजीवी खातो. हा पठ्ठ्या संधी मिळाली की परांचा लचका तोडतो. मी स्नॉर्कल लावून वर तरंगत मोजत होतो. वरून दोघांत काडीचा फरक कळत नाही.

फरक तोंडात आहे. रॅसचं तोंड थेट टोकाला. ब्लेनीचं खाली, मागे सरकलेलं, शार्कचं असतं तसं. ते बाजूनेच दिसतं, म्हणजे श्वास रोखून त्याच्या पातळीला उतरावंच लागतं. पुन्हा सांगतो: पट्टा नाही, नाच नाही, तोंड. फोटोवरून मासा ओळखणाऱ्या ॲपच्या नादी तर लागूच नका.

हे कळल्यावर दुसरा खड्डा मी स्वतःच खणला. गिऱ्हाईक दचकलं की 'ब्लेनी' लिहायला लागलो. पण अस्सल रॅसही लबाड. परजीवींपेक्षा त्याला गिऱ्हाइकाच्या अंगावरचा बुळबुळीत थर जास्त आवडतो, आणि तो ओरबाडला की पॅरटफिशसारखं गिऱ्हाईक दचकतंच. यावरचे पेपर मी वाचले होते! पाण्यात उतरताना ते सगळं बोटीतच राहिलं. 'बघत राहा, कळेल' हा आमच्या सरांचा सल्ला. असल्या सल्ल्याचं मला काडीचं कौतुक नाही.

घाबरू मात्र नका. ब्लेनी रॅसपेक्षा बरेच कमी असतात. माझ्या सहा दिवसांत कदाचित दोन-तीनच आले असतील. पण कोणते, हे आता कसं सांगणार? म्हणून तक्ते फेकावे लागले.

बाकीचं पटकन. काळ्या अंगावर निळी रेघ असलेलं पिल्लू दिसलं तर ते वेगळी जात समजू नका, तो रॅसच असू शकतो. नर-मादी रंगावरून ठरवू नका. एका नराच्या ताब्यात काही माद्या असतात. तो गेला की सर्वांत मोठी मादी तास-दोन तासांत नरासारखी वागू लागते आणि 14 ते 18 दिवसांत शुक्राणू तयार करते. ऑस्ट्रेलियातल्या हेरॉन बेटावरचं हे काम 1972 साली छापून आलंय, ते आधी वाचा.

आणि पाण्याखाली नोंदी करायच्या स्लेटवर पहिला रकाना 'तोंड दिसलं का' असा आखा. 'नाही' आलं, तर ती नोंद मोजायची नाही, मग दिवसाअखेर चारच उरल्या तरी.